जादा वेळ

चंद्रपूर शहरालगत, दुर्गापूरच्या कोळसाखाणींच्या शेजारी, ऊर्जानगर नावाची वसाहत आहे. महाराष्ट्रातील मोठ्या औष्णिक वीजकेंद्रांपैकी एक केंद्र येथे असून त्यात काम करणाऱ्यांच्या कुटुंबांसाठी ही वसाहत वसविण्यात आली. संध्याकाळी उन्हे उतरली, की येथील मैदानावर मुलांचा फुटबॉलचा खेळ रंगतो. एका बाजूस वीजकेंद्राची उंच धुराडी, दुसऱ्या बाजूस झाडी आणि मध्ये धूळ उडवीत चेंडूमागे धावणारी मुले, असे हे दृश्य मी कित्येक वर्षे पाहत आलो आहे. होता होता दिवेलागणीची वेळ होते. घरून हाका ऐकू येऊ लागतात. आणि नेमका त्याच वेळी सामना बरोबरीत असतो. तेव्हा एखादा मुलगा मोठ्याने सांगतो, "आता जो गोल करील, तो जिंकला!" ही सूचना सर्वांना तत्काळ पटते. पाच-सात मिनिटांत निकाल लागतो. जिंकलेली मुले आरडाओरडा करीत घरी जातात. हरलेली मुले मात्र वाटेत कुरकुरत असतात, "आम्हांला आणखी थोडा वेळ मिळाला असता, तर आम्हीही गोल फेडला असता!"

मुलांनो, ही कुरकुर तुम्हीही कधी ना कधी केली असेल. ती अगदीच निरर्थक नाही. दोन संघ तुल्यबळ असतील आणि ठरलेल्या वेळेत निकाल लागला नसेल, तर विजेता कसा ठरवावा, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. मोठमोठ्या जाणत्यांनी त्यावर पुष्कळ विचार केला, निरनिराळे उपाय करून पाहिले, त्यांतील काही टाकून दिले आणि शेवटी एक पद्धत स्वीकारली. ती पद्धत कोणती आणि तिच्यात खेळाडूची कसोटी कशी लागते, ते आज आपण पाहू या.

फुटबॉलचा सामना ९० मिनिटांचा असतो. ४५ मिनिटांचा पूर्वार्ध, त्यानंतर मध्यंतर आणि मग ४५ मिनिटांचा उत्तरार्ध. कोणी जखमी झाले, खेळाडू बदलले किंवा अन्य कारणाने खेळ खोळंबला, तर वाया गेलेली तेवढी मिनिटे प्रत्येक अर्धाच्या शेवटी पंच भरून देतात. परंतु ही झाली भरपाई. जादा वेळ ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. साखळी स्पर्धेत सामना बरोबरीत सुटला, तर दोन्ही संघांना एकेक गुण मिळतो आणि कोणाची तक्रार राहत नाही. अंतिम सामन्याचे तसे नाही. तेथे चषक एकच असतो आणि तो कोणाच्या तरी हाती द्यावाच लागतो. अशा वेळी ९० मिनिटांनंतरही बरोबरी राहिली, तर प्रत्येकी १५ मिनिटांचे आणखी दोन भाग खेळविले जातात. हाच तो जादा वेळ. म्हणजे एकूण खेळ १२० मिनिटांचा होतो.

हा उपाय पुरेसा न पडल्यास काय करावे, याविषयी मात्र निरनिराळ्या काळी निरनिराळ्या रीती होत्या. कधी तोच सामना दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळवीत. कधी दोन्ही संघांना संयुक्त विजेते म्हणून घोषित करीत. १९८२-८३ च्या हंगामात आपल्या देशातील संतोष करंडक स्पर्धेचे विजेतेपद बंगाल आणि गोवा यांना असेच वाटून देण्यात आले होते. आणि कधी तर चक्क नाणे उडवीत! १९६८ साली युरोपीय देशांच्या अजिंक्यपद स्पर्धेत इटली आणि सोव्हिएट संघ यांचा उपान्त्य सामना नेपल्स शहरी झाला. जादा वेळ खेळूनही एकही गोल झाला नाही. तेव्हा नाणेफेक झाली, कौल इटलीच्या बाजूने पडला आणि इटली अंतिम फेरीत गेली. दोन तास घाम गाळून शेवटी निकाल नाण्याच्या हाती सोपवावा, हे कोणाला रुचेल? पुढे १९७० साली पेनल्टी किकांनी निकाल लावण्याची पद्धत नियमांत आली. आज जादा वेळेतही बरोबरी सुटली नाही, तर प्रत्येक संघाला पाच पाच पेनल्टी किका मिळतात आणि तरीही बरोबरी राहिली, तर निकाल लागेपर्यंत एकेक किक वाढवीत नेतात.

ऊर्जानगरच्या मुलांची "जो गोल करील, तो जिंकला" ही युक्ती आठवते ना? तुम्हांला नवल वाटेल, पण जगाच्या फुटबॉल संघटनेनेही ती करून पाहिली! १९९३ पासून काही स्पर्धांत असा नियम होता, की जादा वेळेत पहिला गोल होताच सामना तेथेच संपवावा. त्या गोलाला 'सुवर्ण गोल' असे नाव दिले होते. सामना लवकर संपावा म्हणून दोन्ही संघ त्वेषाने चढाया करतील, अशी नियम करणाऱ्यांची कल्पना होती. घडले ते उलटेच. एक चूक झाली, की सर्वस्व गेले, या भीतीने संघ गोल करण्यापेक्षा गोल न होऊ देण्याचीच काळजी अधिक घेऊ लागले. शिवाय, गोल झालेल्या संघाला तो फेडण्याची संधीच मिळत नसे. २००४ साली हा नियम रद्द झाला. आता जादा वेळेतील पूर्ण ३० मिनिटे खेळलीच पाहिजेत. आपल्या मैदानावर वाटेने कुरकुरणाऱ्या मुलांच्या म्हणण्यात काही तथ्य होते, ते हेच.

जादा वेळेची खरी अडचण आणखी निराळी आहे. तो नवा सामना नसतो. मध्यंतरासारखी मोठी विश्रांती नाही, ताज्या दमाचा नवा संघ नाही. झाल्या खेळातील सारे काही पाठीशी घेऊनच त्यात उतरावे लागते. मूळ वेळेत मिळालेले पिवळे कार्ड पुसले जात नाही. पायात आलेला गोळा निघून जात नाही. गेलेली शक्ती परत येत नाही. मोठ्या सामन्यात खेळाडू ९० मिनिटांत साधारणपणे १० ते १२ किलोमीटर अंतर धावतो. तेही सरळ रेषेत नव्हे, तर थांबत, वळत, उड्या मारीत आणि एकाएकी वेग घेत. वीजकेंद्राच्या आवारात कोळशाचा साठा करून ठेवलेला असतो आणि लागेल तसा तो भट्टीत जातो. आपल्या शरीराचीही अशीच काहीशी व्यवस्था आहे. पोळी, भात यांसारख्या अन्नातून मिळालेली साखर ग्लायकोजेन या रूपाने स्नायूंत आणि यकृतात साठविलेली असते. जोराने धावताना तीच खर्ची पडते. दीड तासाच्या खेळानंतर हा साठा पुष्कळ उतरलेला असतो. घामावाटे पाणी आणि क्षार निघून गेलेले असतात. पोटऱ्या आखडू लागतात. इतकेच नव्हे, तर मनही दमते. जो चेंडू एरवी सहज अडविला असता, त्याच्याकडे पाऊल क्षणभर उशिरा पडते. वीजकेंद्राला खाणीतून नवा कोळसा मिळतो; खेळाडूला मात्र मैदानावर उरलासुरला साठाच पुरवून वापरावा लागतो.

हे सर्व ध्यानात घेतले, म्हणजे १७ मार्च २०१९ रोजी मुंबईत झालेल्या एका सामन्याचे मर्म तुम्हांला कळेल. अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलातील मैदानावर त्या दिवशी इंडियन सुपर लीग या अखिल भारतीय स्पर्धेचा अंतिम सामना होता. एका बाजूस बेंगळुरूचा संघ, तर दुसऱ्या बाजूस गोव्याचा. त्या हंगामात स्पर्धेत दहा संघ होते. साखळीत बेंगळुरू पहिला आणि गोवा दुसरा आला होता. तेव्हा हे दोघे अंतिम फेरीत समोरासमोर यावेत, हे यथायोग्यच झाले.

दोन्ही संघांच्या मनात एकेक जुने शल्य होते. गोव्याच्या संघाने २०१५ साली आपल्याच फातोर्ड्याच्या मैदानावर अंतिम सामना खेळला होता. सामना संपत आला असताना गोवा पुढे होता. तेवढ्यात अखेरच्या क्षणी लागोपाठ दोन गोल झाले आणि चेन्नईचा संघ ३-२ असा विजयी झाला. बेंगळुरूची कहाणीही तशीच. आदल्या वर्षी, म्हणजे २०१८ साली, तारीख तीच, १७ मार्च. बेंगळुरूमध्ये घरच्या प्रेक्षकांसमोर कर्णधार सुनील छेत्री याने पहिला गोल केला होता; तरीही सामना चेन्नईने ३-२ असाच जिंकला. हातातोंडाशी आलेला घास कसा जातो, हे दोघांनाही ठाऊक होते. म्हणून मुंबईच्या मैदानावर दोघेही जपून पावले टाकीत होते.

गोव्याच्या संघात फेरान कोरोमिनास हा स्पॅनिश खेळाडू होता. त्या हंगामात सर्वांत अधिक गोल त्यानेच केले होते. मंदार राव देसाई, ब्रँडन फर्नांडिस, लेनी रॉड्रिग्ज यांसारखे गोव्याच्या मातीतले खेळाडूही त्या संघात होते. बेंगळुरूकडे सुनील छेत्री, व्हेनेझुएलाचा मिकू आणि गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधू असे नामवंत खेळाडू होते. चढाई झाली, की तिला तोडीस तोड प्रतिचढाई होई. तरी गोल काही होईना. सामना संपत आला असता मिकूने मारलेला चेंडू गोलाच्या चौकटीवर आदळून बाहेर आला. चार बोटांच्या अंतराने विजय हुकला! ९० मिनिटे संपली, तेव्हा दोन्ही संघांची पाटी कोरीच होती.

जादा वेळ सुरू झाला. पहिली १५ मिनिटे सरत आली असताना एक महत्त्वाची घटना घडली. गोव्याचा अहमद जाहू हा मोरोक्कोचा खेळाडू मध्यफळी सांभाळीत असे. त्याला दुसरे पिवळे कार्ड मिळाले. दोन पिवळी कार्डे मिळून एक तांबडे होते, हा नियम तुम्हांला माहीत असेलच. जाहूला मैदान सोडावे लागले. आता गोव्याचे दहा आणि बेंगळुरूचे अकरा. ताज्या दमाच्या दहा जणांना अकरांचा सामना करणे एवढे अवघड नसते. परंतु पावणेदोन तास धावलेल्या दहा जणांना अकराव्याचीही धाव धावावी लागली, म्हणजे काय होते, याची तुम्ही कल्पना करा. तरीही गोव्याच्या खेळाडूंनी धीर सोडला नाही. एकेक मिनिट ते लढवीत राहिले. आणखी थोडा तग धरला असता, तर पेनल्टी किकांची वेळ आली असती आणि तेथे अकराव्या खेळाडूची उणीव फारशी जाणवली नसती.

११७ वे मिनिट आले. बेंगळुरूला कॉर्नर किक मिळाली. बचाव करणाऱ्या संघाच्या खेळाडूला शेवटचा स्पर्श होऊन चेंडू त्याच्याच गोलरेषेपलीकडे गेला, तर चढाई करणाऱ्या संघाला मैदानाच्या कोपऱ्यातून ही किक मारता येते. त्या वेळी प्रतिपक्षाच्या खेळाडूंना कोपऱ्याच्या कमानीपासून किमान ९.१५ मीटर दूर उभे राहावे लागते. चेंडू उंच येतो, म्हणून तो डोक्याने मारण्यात तरबेज असलेले बचावफळीतील खेळाडूही अशा वेळी आपली जागा सोडून प्रतिपक्षाच्या गोलापुढे जातात. यात धोका असतो. चेंडू हुकला आणि प्रतिपक्षाने तो घेऊन धाव ठोकली, तर मागे अडविण्यास कोणी उरत नाही. पण गोव्याकडे एक खेळाडू कमी होता. वेगवान प्रतिचढाईची भीती त्यामुळे कमी झाली होती. घड्याळातही तीनच मिनिटे उरली होती. पुढे जाण्यास यापरता योग्य क्षण कोणता?

डिमास डेल्गाडो या स्पॅनिश खेळाडूने कोपऱ्यातून चेंडू उचलून टाकला. गोलापुढे एकच गर्दी झाली. त्या गर्दीतून एक खेळाडू उसळून वर आला. त्याच्या डोक्याचा चेंडूला अचूक स्पर्श झाला आणि चेंडू जाळ्यात गेला! ज्याने हा गोल केला, तो कोणी नामांकित आघाडीवीर नव्हता. तो होता बचावफळीतील राहुल भेके, मुंबईत जन्मलेला, मुंबईच्या क्लबाकडून खेळलेला. आपल्याच शहरात, पण परक्या शहराच्या संघासाठी, त्याने हा गोल केला. गोवा संघाने उरलेली मिनिटे निकराने झुंज दिली. परंतु बरोबरी साधता आली नाही. बेंगळुरूचा संघ १-० असा विजयी झाला. साखळीत पहिला आलेला संघ अंतिम सामनाही जिंकतो, असे त्या स्पर्धेत प्रथमच घडले.

येथे एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. ज्याचे काम गोल अडविण्याचे, तो ११६ मिनिटे तेच काम करीत राहिला होता. त्याला टाळ्या फारशा मिळाल्या नसतील. कारण न झालेल्या गोलांची नोंद कोणी ठेवीत नाही. परंतु दमलेल्या शरीराने आणखी एकदा मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जावे, नेमक्या जागी उभे राहावे आणि नेमक्या क्षणी उडी घ्यावी, हे त्या रात्री एकाएकी सुचलेले नव्हते. कॉर्नर किकेचा सराव संघ वारंवार करीत असतात. कोणी कोठे धावायचे, कोणी कोणाला अडवायचे, हे सारे आधी घोटलेले असते. शरीर दमते, मन गोंधळते, अशा वेळी हीच सवय उपयोगी पडते. जादा वेळ माणसाला नवे काही देत नाही. त्याने आधी काय मिळवून ठेवले आहे, तेवढे उघड करून दाखवितो.

मग गोव्याचे खेळाडू कमी पडले, असे म्हणावे काय? तसे म्हणणे न्यायाचे होणार नाही. ११६ मिनिटे त्यांनी एकही गोल होऊ दिला नाही. त्यांतील बारा-एक मिनिटे तर ते दहाच जण होते. गोवेकरांच्या नशिबी असा घाव याआधीही आला होता. २६ मार्च २०१७ रोजी गोव्यात बांबोळी येथे संतोष करंडकाचा अंतिम सामना झाला. १९४१ पासून चालत आलेली ही राज्याराज्यांच्या संघांची स्पर्धा. समोर बंगालचा संघ होता. तेथेही मूळ वेळेत गोल झाला नाही. जादा वेळही संपत आला. आणि ११९ व्या मिनिटाला बंगालच्या मनवीर सिंग याने गोल केला! घरच्या मैदानावर, अवघ्या एका मिनिटाने, करंडक गोव्याच्या हातून निसटला. बंगालचे ते बत्तिसावे विजेतेपद ठरले. निकालाच्या पुस्तकात अशा सामन्याची नोंद १-० एवढीच होते. त्या दोन आकड्यांच्या मागे दोन तासांची बरोबरी दडलेली आहे, हे मात्र आपण विसरता कामा नये.

या गोष्टीचा शेवट मुंबईत झाला नाही. राहुल भेके त्याच वर्षी जून महिन्यात भारताच्या संघाकडून पहिला सामना खेळला. पुढे तो मुंबई सिटी या संघात आला. आणि तेथे त्याला सहकारी म्हणून कोण भेटला असेल? तोच अहमद जाहू, ज्याला अंधेरीच्या मैदानावरून मान खाली घालून बाहेर जावे लागले होते! २०२२ च्या एप्रिल महिन्यात सौदी अरेबियातील रियाध शहरी आशिया खंडातील क्लबांच्या चँपियन्स लीग स्पर्धेत मुंबई सिटीची गाठ इराकच्या एअर फोर्स क्लबाशी पडली. मुंबईचा संघ प्रथम एका गोलाने मागे पडला. मग त्याने बरोबरी साधली. त्यानंतर मुंबईला कॉर्नर किक मिळाली. ती मारण्यास जाहू कोपऱ्यात गेला. त्याने उंच टाकलेल्या चेंडूवर भेके झेपावला आणि डोक्याने त्याने चेंडू जाळ्यात धाडला. मुंबईने तो सामना २-१ असा जिंकला. या स्पर्धेत भारतीय क्लबाने मिळविलेला तो पहिलाच विजय होता. तीन वर्षांपूर्वी ज्याच्या पराभवात आपला विजय होता, त्याच्याच पायातून आलेल्या चेंडूने आता दोघांना एक विजय मिळवून दिला.

म्हणून मुलांनो, पुढच्या वेळी तुमचा सामना बरोबरीत आला आणि दिवे लागण्याची वेळ झाली, तर "जो गोल करील, तो जिंकला" असे घाईने ठरवू नका. दोन्ही बाजूंना सारखा वेळ द्या; थोडा का होईना, पण तो पुरा खेळा. पाय दुखत असतील, तेव्हा आपली जागा सोडू नका, आणि संधी दिसली, की ती साधण्यास पुढे जाण्याचा आळसही करू नका. सामना संपल्यावर हरलेल्या मुलांशी हात मिळविण्यास मात्र विसरू नका. आज ती समोरच्या बाजूला आहेत. उद्या तुमच्याच संघात येऊन कोपऱ्यातून चेंडू टाकणारे त्यांच्यापैकीच कोणी असेल.